ताप उतरला, हात आखडला

ताप उतरला म्हणजे आजार संपला, हा आपला लाडका गैरसमज. जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्या काही मुलांची मान नंतर एकीकडे वळते, हात पिळवटतात, चेहरा निर्विकार होतो. पूर्व उत्तर प्रदेशातल्या भातपट्ट्याला हे नवं नाही. क्युलेक्स डासांनी पसरवलेला हा विषाणू मेंदूच्या खोल भागांवर घाव घालतो: थॅलॅमस आणि सबस्टॅन्शिया नायग्रा. या दुसऱ्या भागातल्या पेशी डोपामीन बनवतात. त्या मेल्या की पार्किन्सनसारखी लक्षणं दिसतात, तीही कोवळ्या वयात! काहींची पुढे ओसरतात, काहींची राहतात. विषाणूवर नेमकं औषध नाही, लस आहे. जोखमीच्या जिल्ह्यांत ती ९ महिन्यांनंतर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांदरम्यान मोफत मिळते. चुकवू नका.