औषधापासून उद्भवणारा आंतड्याचा दाह

साठी उलटलेले एक गृहस्थ दाढेच्या गळवानें हैराण झाले आहेत, अशी कल्पना करावी. डॉक्टरांनीं त्यांना पांच दिवस प्रतिजैविक औषध, म्हणजे घरोघर ज्याला अँटिबायॉटिक म्हणतात तें, घ्यावयास सांगितलें. गळूं बसलें, ठणका थांबला आणि घरांतील मंडळींना हायसें वाटलें. पुढें आठ-दहा दिवस गेल्यावर त्या गृहस्थांना जुलाब सुरू झाले. दिवसांतून सात-आठ वेळां पातळ शौचास होऊं लागलें, पोटांत मुरडा येऊं लागला, अंगांत बारीक ताप राहूं लागला. घरांत सर्वांनीं आदल्या दिवशींच्या जेवणावर ठपका ठेवला. एकानें जुलाब बांधणारी गोळी दिली. दुसऱ्यानें कपाटांत उरलेल्या कसल्याशा अँटिबायॉटिकच्या दोन गोळ्या दिल्या. गळवासाठीं घेतलेल्या औषधाचा या जुलाबांशीं कांहीं संबंध असेल, ही शंकाही कोणास आली नाहीं. आणि प्रेमानें केलेले दोन्ही उपाय अपायच करून गेले.

हा संबंध कसा जुळतो हें समजण्यास मोठ्या आंतड्यांतील नेहमींची व्यवस्था प्रथम पाहिली पाहिजे. निरोगी माणसाच्या मोठ्या आंतड्यांत शेंकडों जातींचे असंख्य जंतु कायमची वस्ती करून असतात. जंतु म्हटला कीं तो शत्रूच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु हे जंतु बहुधा माणसाचे मित्रच असतात. न पचलेल्या अन्नांतील चोथा ते आंबवितात, त्यापासून आंतड्याच्या अस्तरास पोषक अशीं द्रव्यें तयार करतात, आणि शिवाय पहाराही करतात. तेथील जागा व अन्न त्यांनीं व्यापलेलें असल्यामुळें उपऱ्या जंतूस पाय रोवतां येत नाहीं. यकृतांतून येणाऱ्या पित्ताम्लांचें रूपही ते पालटतात, आणि हीं पालटलेलीं पित्ताम्लें कांहीं उपद्रवी जंतूंच्या वाढीस अटकाव करतात.

दाढेंतील जंतु तेवढे मारावे आणि आंतड्यांतील सोडून द्यावे, असा विवेक अँटिबायॉटिकला नसतो. गळवाच्या जंतूंबरोबर आंतड्यांतील मित्रांचीही वाताहत होते. बहुतेकांच्या बाबतींत त्याचा परिणाम चार दिवसांच्या पातळ शौचापलीकडे जात नाहीं; औषध संपलें कीं तें आपोआप थांबतें. परंतु थोड्या रोग्यांत प्रकरण इतक्यावर मिटत नाहीं. शेतांतील उभें पीक जाळून टाकलें असतां हरळी मात्र जमिनीखालीं जिवंत राहते, आणि रान मोकळें मिळतांच सगळीकडे पसरते. तसाच हा प्रकार आहे. आंतड्यांतील ही हरळी म्हणजे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नांवाचा जंतु. २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें नांव क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल असें बदललें. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यांत ‘सी. डिफ’ म्हणतात. प्रतिकूल काळांत हा जंतु जाड कवचाच्या बीजाणूचें रूप घेतो. त्या कवचाच्या आड त्याला औषधांची बाधा होत नाहीं, जठरांतील आम्लाचीही होत नाहीं, आणि शरीराबाहेर फरशीवर वा खाटेच्या गजांवर तो महिनेच्या महिने टिकून राहतो. आंतड्यांत मूळचें, न पालटलेलें पित्ताम्ल लागलें कीं या बीजाणूस अंकुर फुटतो. आणि पहारेकरी नाहींसे झाल्यावर नेमकें तेंच तेथें मुबलक उरतें.

अंकुरलेला जंतु मुख्यतः दोन विषें सोडतो. त्यांच्या योगानें अस्तरांतील पेशी मरतात, दाह सुरू होतो, आणि शरीरांतील पाणी व क्षार शौचावाटे वाहून जातात. दाह वाढला म्हणजे मृत पेशी व पू यांचे पिवळसर पांढरे चट्टे अस्तरावर चिकटतात आणि एकमेकांस मिळून पापुद्र्यासारखे दिसूं लागतात. यावरूनच या विकाराला ‘खोट्या पापुद्र्याचा दाह’ अशा अर्थाचें वैद्यकीय नांव पडलें. क्वचित् प्रसंगीं मोठें आंतडें फुगून निश्चल होतें; त्या वेळीं जुलाब थांबलेले दिसले तरी रोगी बरा होत नसून मरणाच्या दारीं असतो, आणि आंतडें कापून काढण्याची पाळी येते. जुलाब बांधणारी गोळी घातक कां, याचें उत्तर येथेंच आहे. विष बाहेर पडण्याऐवजीं ती तें आंत कोंडून ठेवूं शकते.

हा विकार अँटिबायॉटिकांच्याही पूर्वींचा आहे. १८९३ सालीं बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक जॉन फिनी यांनीं जठरावरील शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या एका तरुण स्त्रीच्या आंतड्यांत असा पापुद्रा आढळल्याचें नमूद केलें. जंतु सांपडला तो १९३५ सालीं. हॉल आणि ओटूल या अमेरिकन संशोधकांना तो नवजात बालकांच्या विष्ठेंत आढळला. तो वेगळा काढून वाढविणें फार कठीण गेलें, म्हणून ‘कठीण’ या अर्थाचा लॅटिन शब्द त्याच्या नांवांत आला. तीं बालकें निरोगी असल्यामुळें पुढें सुमारें चाळीस वर्षें या जंतूवर फारसा संशय गेला नाहीं. १९७४ सालीं सेंट लुई शहरीं टेडेस्को व त्यांचे सहकारी यांनीं क्लिंडामायसिन हें अँटिबायॉटिक घेणाऱ्या २०० रोग्यांची पाहणी केली. त्यांतील पंचमांश रोग्यांना जुलाब झाले आणि २० जणांच्या आंतड्यांत पापुद्रा दिसला. औषधावर बोट ठेवलें गेलें, परंतु खरा अपराधी हातीं लागला तो १९७७-७८ च्या सुमारास. जॉन बार्टलेट व त्यांचे सहकारी यांनीं प्रथम हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून आणि मागाहून रोग्यांच्या विष्ठेंतील विष ओळखून सी. डिफचा गुन्हा शाबीत केला.

पुढें असें दिसून आलें कीं क्लिंडामायसिनप्रमाणेंच सेफॅलोस्पोरिन, फ्लुओरोक्विनोलोन आणि ॲमॉक्सिसिलिन यांसारख्या औषधांनंतरही हा विकार होतो. किंबहुना कोणतेंही अँटिबायॉटिक त्यास सर्वस्वी अपवाद नाहीं. औषध चालू असतांना आणि त्यानंतर सुमारें तीन महिनेपर्यंत धोका राहतो. वृद्ध माणसें आणि रुग्णालयांत दीर्घकाळ पडून असलेले रोगी यांना तो विशेष असतो. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत शेरब्रुक येथें १९९१ सालीं दर लाख वस्तींत ३६ च्या आसपास लोकांना हा रोग झाला होता. २००३ सालीं तो आंकडा १५६ वर गेला. पासष्टीपुढील लोकांत तर तो दर लाखीं १०२ वरून ८६६ वर चढला.

उपचारांतील पहिली पायरी म्हणजे ज्या औषधानें हें घडलें तें, शक्य असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्यानें बंद करणें. विष्ठेची तपासणी करून निदान पक्कें झाल्यावर व्हँकोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन हें औषध तोंडावाटे देतात. व्हँकोमायसिन आंतड्यांतून रक्तांत जवळजवळ शोषलें जात नाहीं, त्यामुळें जेथें काम तेथेंच तें राहतें. परंतु हेंही अँटिबायॉटिकच, आणि तें मित्रांना पुन्हां परतूं देत नाहीं. म्हणून सुमारें पांचांतील एका रोग्यास बरें वाटल्यावर रोग उलटतो. यावर निघालेला उपाय ऐकून कोणीही नाक मुरडील. निरोगी माणसाच्या विष्ठेंतील जंतु शुद्ध रीतीनें, कसून तपासणी करून, रोग्याच्या आंतड्यांत सोडावयाचे. डेन्व्हर येथील डॉक्टर आयझमन यांनीं १९५८ सालींच असे चार रोगी बरे झाल्याचें प्रसिद्ध केलें होतें. २०१३ सालीं हॉलंडमधील चांचणींत पहिल्याच प्रयोगानें १६ पैकीं १३ रोगी बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिननें १३ पैकीं ४ च झाले. उजाड रानांत पुन्हां पीक उभें केल्यावांचून हरळी हटत नाहीं, हेंच यावरून सिद्ध झालें.

गृहस्थाश्रमी माणसानें यांतून काय घ्यावें? अँटिबायॉटिकला भिऊन आवश्यक औषध मध्येंच टाकणें हा मार्ग नव्हे. न्यूमोनियासारख्या दुखण्यांत त्यानेंच प्राण वांचतो. सर्दी-पडशासारख्या बहुधा विषाणूंपासून होणाऱ्या विकारांत मात्र त्याचा कांहींच उपयोग नसतो, आणि तेथें पदरीं पडतो तो केवळ धोका. भारतांत अशा औषधांच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असते. ती दिसली कीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तें औषध घेऊं नये, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्यासाठीं राखूंही नयेत. मागील तीन महिन्यांत असें औषध घेतलेल्या माणसास दिवसांतून तीन किंवा अधिक वेळां पाण्यासारखें शौचास होऊं लागलें, तर साखर-मिठाचें पाणी पाजत राहावें, जुलाब बांधणारी गोळी आपल्या मतानें देऊं नये, आणि डॉक्टरांना त्या औषधाचें नांव व तारीख न विसरतां सांगावी. शौचांत रक्त, पोटफुगी किंवा ताप असल्यास तर क्षणाचाही विलंब करूं नये. दहींताक अन्न म्हणून उत्तम, पण तें या रोगाचा उतारा नव्हे. शुश्रूषा करणाऱ्यांनीं साबण व वाहत्या पाण्यानें हात धुवावे, कारण हातास चोळावयाच्या अल्कोहोलनें बीजाणु मरत नाहींत. शौचकूप ब्लीचच्या पाण्यानें स्वच्छ करावा.

दाढदुखीच्या त्या गृहस्थांच्या घरीं औषधाची चिठ्ठी खणांत तशीच पडून होती. जुलाबाच्या पहिल्या दिवशीं ती डॉक्टरांपुढें ठेवली असती, तर निदानास दोन वाक्यांपेक्षां अधिक वेळ लागला नसता.