अमेरिकेत धंदा काढायचा तर: ई-२ की ईबी-५?

अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय चालवायला खरा सोयीचा व्हिसा ई-२. त्याला किमान रकमेचे बंधन नाही. पण तो करारबद्ध देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि भारताशी असा करार नाही. करारबद्ध असलेल्या ग्रेनाडाचे नागरिकत्व पैसे भरून घ्या, असा मार्ग सुचवला जातो. मात्र डिसेंबर २०२२ च्या अमेरिकी कायद्याने अशा नागरिकांना ई-२ साठी आधी तिथे सलग ३ वर्षे वास्तव्य सक्तीचे केले. गुंतवणुकीच्या जोरावर मग उरतो ग्रीन कार्ड देणारा ईबी-५: २०२२ पासून किमान १०.५ लाख डॉलर (ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात ८ लाख) आणि १० पूर्णवेळ नोकऱ्या. भारतातून पैसे बाहेर पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला २.५ लाख डॉलर. पती-पत्नी दोघांनी ३१ मार्चपूर्वी आणि पुन्हा १ एप्रिलनंतर पूर्ण रक्कम पाठवली, तर १० लाख होतात.