बोलताना बसणारी बॅटरी

आदिलाबादेत माझं छोटं दुकान आहे. इन्व्हर्टर, रानडुकरांसाठीची झटका मशीन आणि पाठीवरचे फवारणी पंप दुरुस्त करतो. गिऱ्हाईक मराठी बोलो, तेलुगू बोलो की गोंडी, तक्रार ठरलेली: बॅटरी बसली. दुकानाचं शटर ओढलं की मी हॅम होतो. म्हणजे दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन, परवाना आणि कॉलसाइन घेऊन, हौसेखातर रेडिओवर बोलणारा. या छंदातून पैसा कमवायला कायद्यानं बंदी आहे. घालवायला कोणाची ना नाही.

घरात बसून बोलणं आता कठीण झालंय. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांची घरघर रेडिओत येते. मी दुरुस्त करून दिलेलं झटका मशीनसुद्धा सेकंदा-सेकंदाला टक् टक् करून मला सतावतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी सेट पिशवीत टाकायचा आणि नेरडीगोंड्याच्या बाजूला, कुंटाला धबधब्याच्या अलीकडच्या माळावर जायचं. 40 मीटरच्या बँडला साधारण 20 मीटर तार लागते. ती सागाच्या फांदीवर फेकली की अँटेना झाली. उरला प्रश्न विजेचा.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. दुकानात फवारणी पंपातून काढलेली 12 व्होल्टची 8 एएच (अँपिअर-तास) बॅटरी पडून होती, तीच चार्ज करून उचलली. मीटर लावला तर 12.6, म्हणजे जवळपास भरलेली. माळावर सेट लावला, ऐकायला सगळं स्वच्छ. नांदेडकडचा एक जण बोलत होता. त्याला उत्तर द्यायला माइकचं बटन दाबलं आणि सेटचा पडदा काळा! बटन सोडलं की उजळतो, दाबलं की पुन्हा काळा. मुलगा म्हणाला, "बाबा, हिच्यावर पंप तरी चालला असता का?"

चालला असता, आणि फसगत तिथेच झाली. व्होल्ट पडले की पंपाची मोटर हळू फिरते, कुरकुरते, पण फिरते. रेडिओ तेवढा सोशिक नाही. बाजारातले बहुतेक सेट 13.8 व्होल्ट धरून बनवलेले असतात आणि त्यात वर-खाली सुमारे 15 टक्के चालवून घेतात. म्हणजे 11.7 च्या खाली गेलात की तो रुसला. माझा सेट 100 वॅटचा. मी तो 20 वॅटवर आणला होता, तरी बोलताना सात-आठ अँपिअर ओढत होता. बॅटरीवर छापलेले 8 एएच मात्र सावकाश, 20 तासांत रिकामी करण्याच्या हिशेबाचे, म्हणजे 0.4 अँपिअरचे. वीसपट ओढलं तर ती तेवढं कशी देणार? त्यात ही बॅटरी कपाशीची फवारणी संपल्यापासून उतरलेल्या अवस्थेत कोपऱ्यात पडलेली. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट चढून घट्ट झालं की चार्ज केल्यावर बॅटरी विश्रांतीत 12.6 दाखवते, पण भार पडला की मान टाकते.

तेव्हापासून मी मीटरवरच्या विश्रांतीच्या आकड्याला विचारत नाही. बाइकचा 35 वॅटचा हेडलाइटचा बल्ब बॅटरीला जोडतो. तो सुमारे तीन अँपिअर खातो. त्या भाराखाली व्होल्ट किती राहतात आणि बल्ब किती वेळ जळतो, हे घड्याळ लावून बघतो. ऑनलाइन मागवलेला एक लिथियमचा गठ्ठा असाच उघडा पडला. वर छापलं होतं 12 एएच, म्हणजे चार तास तरी हवे होते. दोन तासही झाले नाहीत. सुट्ट्या 18650 सेलवर 9900 एमएएच छापलेलं दिसलं तर बल्बही नको, सोनाराचा काटा पुरे. चांगला सेल 45 ग्रॅमच्या वर भरतो आणि साडेतीन हजारांच्या आसपास देतो. बाकीचा आकडा शाईचा.

रानात न्यायला मग काय घ्यावं? शिशाची बॅटरी 1859 साली गास्ताँ प्लाँतेनं केली. ती स्वस्त, कुठेही मिळणारी आणि स्वभावानं गरीब. पण 7-8 एएचला सव्वादोन-अडीच किलो वजन, आणि टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. मोबाइलच्या जातीचे तीन लिथियम सेल ओळीत लावले तर भरलेले 12.6, आणि लवकरच 11 कडे घसरतात. चार लावले तर 16.8, सेट जळायची भीती.

मी शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेटवर आलो. 1997 साली टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून या रसायनाचा शोधनिबंध आला, त्यावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही आपल्याकडची दोन नावं आहेत. चार सेल मिळून 12.8 व्होल्ट, भरताना 14.6, म्हणजे 13.8 च्या सेटला माप घेऊन शिवल्यासारखे. 6 एएचची बॅटरी किलोच्या आत बसते आणि जवळजवळ शेवटपर्यंत 13 च्या आसपास राहते. तिची खोड हीच: उतरत आल्याचं सांगत नाही. आतलं संरक्षक सर्किट एकदम पुरवठा तोडतं, म्हणून तासांचा हिशेब वहीत ठेवावा लागतो. त्या सर्किटची अँपिअरची मर्यादा विकत घेतानाच विचारा. छोट्या बॅटरीवर 100 वॅटचा सेट पूर्ण ताकदीनं चालवायला गेलात तर वीस-बावीस अँपिअर लागतात, आणि ते सर्किट दार लावून घेतं. चार्जर तिच्याच जातीचा हवा, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी.

खरी बचत मात्र सेट बदलल्यावर झाली. हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू2ईएसई, यांनी घरी जुळवता येतील असे बिट्क्स सेट आखले. त्यांतला मायक्रोबिट्क्स मी वापरतो. खालच्या बँडवर तो साधारण 10 वॅट देतो. माझ्या मीटरवर ऐकताना 0.2 अँपिअरच्या आत, बोलताना दोनच्या आसपास. चार मिनिटांत एक मिनिट बोलणं धरलं तर सरासरी 0.65. म्हणजे 6 एएचवर नऊ तास. एवढा वेळ बोलायला माझ्याकडे गोष्टीही नाहीत.

हा खेळ कधी कधी खेळ राहत नाही. 2004 च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद अंदमानात हौशी रेडिओच्या मोहिमेवर होत्या आणि त्सुनामी आली. पोर्ट ब्लेअरहून निरोप त्यांच्या रेडिओवरून निघू लागले. त्या बातमीनंतर मी घरची बॅटरी कधी अर्धवट ठेवत नाही.

गेल्या थंडीत पुन्हा त्याच माळावर गेलो. नांदेडकडचा तोच आवाज. त्यानं विचारलं, "पॉवर किती, आणि बॅटरी कुठली?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मागच्या वेळी नुसता खट्ट आवाज येऊन गायब होणारे तुम्हीच का?"