ससा, सेनापती आणि भिंतीचा कागद

जळगाव-धुळ्याच्या जुन्या कापूसतेजीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. हकिकत इकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि खानदेशातल्या काळ्या जमिनीत पिकलेल्या रुईला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळला, मुंबईचे सट्टेवाले बुडाले. पण हे सगळं चाळताना त्याच युद्धातलं एकपानी वर्तमानपत्र हाती लागलं आणि कापूस बाजूला राहिला.

मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग हे दक्षिणेचं ठाणं. १८ मे १८६३ पासून उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट त्याला वेढा घालून बसला होता. तोफांच्या भीतीने लोक टेकड्यांत गुहा खोदून राहत होते, खेचराचं मांस खात होते. तिथे जे. एम. स्वोर्ड्‌स ‘डेली सिटिझन’ चालवत होता. छपाईचा कागद संपला तेव्हा त्याने भिंतीला चिकटवायचा नक्षीदार कागद घेतला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर चार रकाने छापले. जूनमध्ये असे काही अंक निघाले. शेवटचा २ जुलैचा.

या अंकात ग्रँटची थट्टा आहे. येत्या शनिवारी, ४ जुलैच्या राष्ट्रीय सणाला, व्हिक्सबर्गमध्ये जेवायचा त्याचा बेत असल्याची वदंता देऊन संपादक बजावतो की जेवायचं तर आधी गावात शिरावं लागेल. ससा शिजवायचा तर आधी तो पकडावा लागतो. बाजारात तुरी, तशातली गत! अर्धपोटी गावाने वेढा घालणाऱ्याला असं हिणवावं, याचं मला कौतुक वाटतं.

शनिवारी गाव पडलं. दक्षिणेचे सुमारे २९,५०० सैनिक शरण आले. उत्तरेचे शिपाई छापखान्यात शिरले तेव्हा जुळवलेला मजकूर तसाच उभा होता. जेत्यांनी खिळे उधळून शिसं वितळवलं असतं तरी कोणी विचारणारं नव्हतं. त्यांनी चौथ्या रकान्याचा बराचसा मजकूर काढला, तिथे आधीच जुळलेला दुसरा घातला आणि खाली ४ जुलैची टीप जुळवली. ग्रँटने ससा पकडला, गावात जेवला, जेवणही स्वतःचंच आणलं. यापुढे हे पत्र खेचराच्या मांसाचे गोडवे गाणार नाही. भिंतीच्या कागदावरचा हा अखेरचा अंक पुढे दुर्मीळ वस्तू म्हणून मोलाचा ठरेल, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. सेनापतीची टवाळी पुसली नाही, तिच्याच रांगेत उत्तर बसवलं. खिळ्यांच्या छपाईतच हे जमतं. दगडावर कोरलेला लेख असा उसवता येत नाही. जुळणीतल्या ओळी मात्र काढता-घालता येतात.

भाकीत खरं झालं आणि तिथेच घोटाळा सुरू झाला. मोल आलं तशा नकला निघाल्या. पुढच्या काळात या अंकाची तीसहून अधिक पुनर्मुद्रणं झाली, त्यातली काही भिंतीच्याच कागदावर. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला अस्सल प्रत ओळखण्यासाठी माहितीपत्रक काढावं लागलं. मजकुराची लांबी-रुंदी मोजायची, विरामचिन्हं तपासायची, जुळाऱ्याच्या चुका शोधायच्या. नक्कल करणारा चुका दुरुस्त करून बसतो आणि त्यातच सापडतो. योगायोग असा की त्याच १८६३ साली मुंबई सरकारला कापसातली भेसळ रोखण्यासाठी कायदा करावा लागला होता. भाव आला की भेसळ आलीच.

मला काळजी वाटते ती आपल्याकडची. इथे नकली प्रतींचा प्रश्न पुढचा; अस्सलच उरत नाही. बेचाळीसच्या चळवळीतली भूमिगत पत्रकं, पालिकेच्या निवडणुकीत पुढाऱ्यांची टर उडवणारी हस्तपत्रकं, गल्लीतल्या ट्रेडल मशीनवर निघालेले एकपानी टोमणे: हे सगळं रद्दीच्या भावाने जातं. स्वस्त कागद पिवळा पडून तुकडे होतात आणि छापखाना बंद झाला की खिळे किलोवर विकले जातात. ग्रंथ कोणीतरी जपतो. चिटोरं जपायला माणूस लागतो. वि. का. राजवाडे असे माणूस होते. दप्तरं धुंडाळत ते गावोगाव फिरले आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून त्याच शहरात आहे.

तेव्हा जळगाव-धुळ्याकडच्या वाचकांना एक विनंती: घरात किंवा बंद छापखान्यात असं एखादं टवाळखोर पत्रक सापडलं तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी त्यावर तारीख आणि गाव लिहा, आणि ते एखाद्या संग्रहाला किंवा वाचनालयाला दाखवा.