मल्लेश्वरमचा आंबा, मराठी स्वयंपाकघरात

पाडव्याची गुढी उतरली की मराठी गृहिणीला कैरीचे वेध लागतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटली डाळ आणि पन्हे हवेच! बेंगळुरूत संसार थाटलेल्यांना त्यासाठी वणवण करावी लागत नाही. मल्लेश्वरमच्या संपिगे रोडवर आणि आठव्या क्रॉसच्या बाजारात कैऱ्यांचे ढीग लागलेलेच असतात. फसगत होते ती निवडताना. पोपटाच्या चोचीसारख्या टोकाची, लांबट कैरी पाहून हात आपोआप पुढे जातो. ती तोतापुरी. फोडी करून तिखटमीठ लावून खावी तर तीच, पण आंबटपणा बेताचा असल्याने पन्ह्याला आणि लोणच्याला ती कामाची नाही. त्यासाठी विक्रेत्याकडे 'हुळी', म्हणजे आंबट, माविनकाई मागावी.

इथल्या शेजारणी उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याच्याच दिवशी, कैरीचे चित्रान्न करतात. एकदा करून पाहा, डब्यालाही चालते. दोन वाट्या तांदळाचा मोकळा भात परातीत पसरून अगदी गार होऊ द्यावा. एक मध्यम आंबट कैरी सोलून किसावी. निम्मा कीस, अर्धी वाटी ओले खोबरे, चार सुक्या मिरच्या आणि अर्धा चमचा मोहरी एकत्र वाटून घ्यावी. तेलात मोहरी, चमचाभर हरभरा डाळ, तेवढीच उडीद डाळ, मूठभर शेंगदाणे, हिंग, हळद व कढीपत्त्याची फोडणी करावी. त्यावर वाटण दोन मिनिटे परतावे, उरलेला कीस घालावा आणि लगेच गॅस बंद करावा. मीठ घालून भात हलक्या हाताने कालवावा. कीस जास्त शिजला की चव मिळमिळीत होते, तेवढे सांभाळावे.

रामनवमीची कोसंबरी तर आपल्या कैरीच्या डाळीची बहीणच. आपण हरभऱ्याची डाळ भिजवून वाटतो, इथे मुगाची डाळ भिजवून अख्खीच ठेवतात. काकडी, किसलेली कैरी, खोबरे आणि वर फोडणी. वाटण्याचा खटाटोप नाही आणि पोटालाही हलकी!

खरा जीव अडकतो तो पिकल्या आंब्यात. हापूसशिवाय आमरस नाही, अशी आपली समजूत. मग कुणी गावाकडून येणार असेल त्याच्याबरोबर पेटी मागवायची, नाहीतर मिळेल त्या भावाने घ्यायची आणि घरात मोजून फोडी वाटायच्या. इथे 'बादामी' नावाने विकला जातो तो हापूसच. कोकणाची माती आणि खारा वारा त्याला लाभलेला नाही, त्यामुळे तोच सुवास मिळेल असे नाही. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेही कोकणच्या हापूसला. पण रोजच्या रसाला तो हापूसच हवा कशाला? त्यासाठी रसपुरी आणावा. नावाप्रमाणे रसाळ, पातळ सालीचा, मुलांनी मनसोक्त खावा असा. मात्र पिकल्यावर टिकत नाही, म्हणून दोन दिवसांपुरताच घ्यावा. मल्लिका मिळाला तर सोडू नये. नीलम आणि दशेरीच्या संकरातला हा आंबा कापून खायला फार गोड.

रसाचा कंटाळा आला तर 'सीकरणे' करावे. आपले शिकरण केळ्याचे, इथे ते आंब्याचेही करतात. गोड आंब्याच्या बारीक फोडी, थोडा गर, गार दूध, साखर आणि वेलची. आंबट आंबा घेतला तर दूध नासते. उडुपीकडे दुधाऐवजी नारळाचे दूध व गूळ घालून रसायन करतात.

अशी सारखी नावे या शहरात जागोजागी भेटतात. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव आणि मल्लेश्वरमला ज्याच्यावरून नाव मिळाले, त्या काडू मल्लेश्वराच्या देवळाशी त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचे नाव जोडलेले आहे. आपली पुरणपोळी इथे 'होळिगे' होते आणि सीकरणे तिच्याबरोबरही झकास लागते.

बाजारात एकसारखा पिवळाधमक, पण वास नसलेला आंबा दिसला तर तो नाकाशी धरून पाहावा आणि परत ठेवावा. कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, तरी खबरदारी आपणच घेतलेली बरी. थोडे कच्चे आंबे आणून तांदळाच्या डब्यात ठेवले तरी चार-पाच दिवसांत पिकतात. खाण्यापूर्वी तासभर पाण्यात बुडवून ठेवावेत, म्हणजे देठाचा चीक निघून जातो.

साठवणीचे मात्र इथे वेगळे गणित आहे. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी अचानक पाऊस कोसळतो. त्यामुळे गच्चीवर उन्हात छुंदा किंवा आंबापोळी ठेवून बाहेर जाणे धोक्याचे. त्यापेक्षा गॅसवरचा साखरांबा करावा. दोन वाट्या कैरीचा कीस थोडा वाफवून, तीन वाट्या साखरेचा पक्का पाक करून त्यात घालावा, लवंग-वेलची टाकावी. कोरड्या बरणीत तो पुढचा पाडवा येईपर्यंत पुरतो, मुलांच्या हाती बरणी लागली नाही तर.