सिनेमातल्या पहिल्या मायलेकी

जालन्याच्या बाजूला जत्रेत सिनेमाचा तंबू लागे. पडद्यावर बाई दिसली, तर कुणाला नवल वाटत नसे. पण दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा राणी तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना! शेवटी अण्णा साळुंके या बाप्याला लुगडं नेसवलं. हे अण्णा खाणावळीत आचारी होते, बरं का.

बाया का मिळेनात? तोंडाला रंग लावणारी बाई वाईट चालीची, असं लोक धरून चालत.

दुर्गाबाई कामत मात्र पुढे आल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्यावर पोटासाठी त्या नाटकात शिरल्या होत्या. जातवाल्यांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये त्या पार्वती झाल्या. त्यांची लेक कमला मोहिनी झाली. तिचं वय अवघं तेरा-चौदा! तो मूकपट होता. म्हणजे चित्रं हलत, पण बोलत नसत. डोळ्यांनी अन् हातांनीच सारं सांगायचं. आम्हांला या पोरीचं मोठं कौतुक वाटतं.

पुढे कमलाबाईंचं लग्न नाटकवाले रघुनाथराव गोखले यांच्याशी झालं. ते तरुणपणीच वारले. आता तीन मुलांचं कसं व्हायचं? कमलाबाईंनी नाटक सोडलं नाही. त्याच कमाईवर मुलं वाढवली. लालजी आणि सूर्यकांत तबलजी झाले. चंद्रकांत नट झाले. चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले तर आपण पडद्यावर पाहिलेच आहेत.

पुढे कमलाबाई वारल्या. तोवर त्यांच्या घरातली तिसरी पिढी रंग लावून उभी होती.