कड्यावर संगीत : साधक कीं बाधक?

पहांटे जात्यावर बसलेली स्त्री ओवी गात असे, मोट हांकणारा शेतकरी बैलांच्या चालीवर गाणें म्हणत असे, आणि शिडाच्या गलबतावरील खलाशी दोर ओढतांना एकमुखानें ललकारी देत. श्रमाचा भार गाण्यानें हलका होतो, हा अनुभव जुनाच आहे. त्याला यंत्राची खरी जोड मिळाली ती १९७९ सालीं. त्या वर्षीच्या जुलै महिन्यांत सोनी कंपनीनें जपानमध्यें ‘वॉकमन’ विक्रीस आणला आणि दिवाणखान्यांत बसून ऐकावयाचें संगीत चालत्या माणसाच्या सोबतीला आलें. आज तेंच यंत्र बोराएवढें होऊन तरुणांच्या कानांत बसलें आहे. तें घालून ते धांवतात, व्यायाम करतात आणि कांहीं जण कडेही चढतात.

आठवडाभर कचेरींत किंवा कॉलेजांत घालवून रविवारीं पाठीवर दोर टाकून लोणावळ्याच्या नागफणीकडे अथवा हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्याकडे निघणारीं मुलेंमुली आतां पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या कानांतील संगीत हा निव्वळ हौसेचा भाग समजावा, कीं त्यांत कांहीं धोका आहे? या प्रश्नाचें उत्तर आवडीनिवडीवर सोडून चालत नाहीं. संगीत शरीरावर व मनावर काय परिणाम करतें, आणि प्रस्तरारोहणांत कानाचें काम काय असतें, या दोन्ही बाजू पाहिल्या म्हणजे तें आपोआप मिळतें.

प्रथम संगीताच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें पाहूं. व्यायाम आणि संगीत यांच्या संबंधाचा अभ्यास गेलीं कित्येक वर्षें पद्धतशीर रीतीनें चालू आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठांतील कॉस्टास कारायॉर्गिस यांचें नांव त्यांत प्रमुख आहे. या अभ्यासाचा सर्वमान्य निष्कर्ष असा कीं, सौम्य किंवा मध्यम श्रम चालू असतां संगीत ऐकलें तर श्रमाची जाणीव सुमारें एक दशांशानें कमी होते. याचें कारण सरळ आहे. मनाचें लक्ष मर्यादित असतें. त्यांतील कांहीं भाग सुरांनीं व्यापला म्हणजे धापेकडे आणि दुखऱ्या स्नायूंकडे द्यावयास कमी लक्ष उरतें. परंतु श्रम पराकाष्ठेला पोंचले कीं हा गुण ओसरतो. शरीराची हांक तेव्हां इतकी मोठी होते कीं तिच्यापुढें कोणतेंच गाणें टिकत नाहीं.

दुसरा लाभ तालाचा. इथिओपियाचा प्रख्यात धांवपटू हायले गेब्रेसेलासी यानें १९९८ सालीं बर्मिंगहॅम येथें बंदिस्त धांवपट्टीवर २००० मीटरचा जागतिक विक्रम केला, तेव्हां त्याच्या इच्छेनुसार ‘स्कॅटमन’ हें द्रुत लयीचें गाणें मैदानांत वाजविलें जात होतें, आणि त्या लयीवर त्यानें आपलीं पावलें बांधून घेतलीं होतीं. जात्यावरील ओवीचें रहस्यही हेंच. जात्याचा प्रत्येक फेरा मागील फेऱ्यासारखाच असतो, म्हणून ओवीचा चरण त्यावर बरोबर बसतो. धांवणाऱ्याचें पाऊल, वल्हें मारणाऱ्याचा हात, मोटेच्या बैलांची चाल, या सर्वांना आवर्तन आहे. आणि जेथें आवर्तन आहे तेथें ताल उपकारक ठरतो.

कड्यावर मात्र हें आवर्तन नाहीं. एक पकड बोटभर रुंद, तर दुसरी नुसती चिमटींत मावणारी. एक पाऊल गुडघ्याइतकें वर, तर पुढचें हातभर आडवें. एका ठिकाणीं आरोहक तीन क्षणांत तीन हालचाली करतो आणि दुसऱ्या ठिकाणीं एकाच पायावर तोल सांभाळून दोन मिनिटें विचार करतो. येथें लय बाहेरून लादतां येत नाहीं. ती खडकाकडूनच घ्यावी लागते. द्रुत त्रितालाच्या ओघांत ज्या पायाला थांबावयाचें होतें तो पुढें पडला, तर संगीतानें साह्य केलें असें म्हणतां येणार नाहीं.

याला एक अपवाद आहे, आणि तो नियमच स्पष्ट करतो. २०२१ सालीं झालेल्या तोकियो ऑलिंपिकमध्यें कृत्रिम भिंतीवरील आरोहणाचा प्रथमच समावेश झाला. त्यांतील वेगाच्या शर्यतीची भिंत १५ मीटर उंच व ५ अंशांनीं पुढें कललेली असून तिच्यावरील पकडींची मांडणी जगांत सर्वत्र एकच ठेवलेली आहे. त्यामुळें त्या मार्गाची लय एखाद्या बंदिशीप्रमाणें पाठ करतां येते. तरीही आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनुसार चढतांना ऐकण्याचें साधन जवळ बाळगण्यास मनाई आहे. प्रेक्षकांसाठीं संगीत वाजतें. स्पर्धकाच्या कानांत तें असूं शकत नाहीं.

तिसरा परिणाम मनाच्या उद्दीपनाचा. यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९०८ सालीं उंदरांवरील प्रयोगांवरून जो सिद्धांत मांडला, तो पुढें मानसशास्त्रांत रूढ झाला. मन अगदीं मंद असतां काम चांगलें होत नाहीं आणि फार उद्दीपित असतांही होत नाहीं; शिवाय काम जितकें नाजूक, तितकें कमी उद्दीपन त्याला मानवतें. जड वजन उचलणाऱ्याला रणवाद्य उपयोगी पडेल. सुईंत दोरा ओंवणाऱ्याला तें नको असतें. प्रस्तरारोहण हें बहुतांशीं दुसऱ्या जातीचें काम आहे. उंचीवर गेल्यामुळें छाती आधींच धडधडत असते. तींत आणखी भर घालण्याचें कारण नाहीं. उलट कड्याच्या पायथ्याशीं, दोर बांधण्यापूर्वीं, शांत संगीतानें श्वास संथ झाला तर तो फायदाच आहे.

येथून दुसरी बाजू सुरू होते. संगीतानें श्रमाची जाणीव कमी होते हा धांवपट्टीवर गुण आहे. कड्यावर तोच दोष होऊं शकतो. बोटें आवळून धरलीं म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू ताठरतात आणि त्यांतील रक्ताभिसरण दाबलें जातें. थोड्याच वेळांत हात दगडासारखा घट्ट होऊन बोटें उलगडूं लागतात. अनुभवी आरोहक ही अवस्था येण्यापूर्वींच तिची चाहूल ओळखतो, चांगली पकड गांठून एकेक हात खालीं सोडून झटकतो आणि मगच पुढें सरकतो. म्हणजे थकवा ही त्याला मिळणारी सूचना आहे. ती सूचना गोड सुरांखालीं झांकली गेली, तर ती उशिरां पोंचते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कानाचाच आहे. बाजारांत मडकें घेतांना गृहिणी तें वाजवून घेते. पक्कें मडकें खणखणतें, तडा गेलेलें बद्द बोलतें. आरोहक खडकाची परीक्षा अशीच करतो. पकडीवर भार टाकण्यापूर्वीं तो तिच्यावर मूठ किंवा हातोडी आपटतो. भरीव, घट्ट आवाज आला तर ती पकड मूळ खडकाशीं एकजीव आहे. पोकळ आवाज आला तर ती केवळ टेकलेली आहे. भेगेंत ठोकावयाच्या लोखंडी खिळ्याची, म्हणजे पिटॉनची, गोष्ट तर अगदीं संगीतासारखी आहे. खिळा चांगला बसत असला म्हणजे हातोडीच्या प्रत्येक घावाबरोबर त्याचा स्वर चढत जातो. स्वर चढेना, किंवा मध्येंच बोदा झाला, तर तो खिळा विश्वासाला पात्र नाहीं. दोर अडकविण्याच्या कड्या, ज्यांना कॅरॅबिनर म्हणतात, त्यांची झडप मिटतांना होणारा ‘टक्’ हा आवाजही काम पुरें झाल्याची खूण असतो. हीं सर्व चिन्हें बारीक आहेत आणि कान मोकळा असेल तरच तीं कळतात.

सह्याद्रीच्या बाबतींत तर हें विशेषच खरें. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर सांचून हा पाषाण बनला. त्यांतील कांहीं थर अतिशय कठीण तर कांहीं सच्छिद्र व ठिसूळ आहेत. मध्यें गवताच्या पायऱ्या आणि सुटे धोंडे. असा धोंडा वरून निसटला म्हणजे काय होतें, याचा साधा हिशोब करतां येतो. ३० मीटर उंचीवरून सुटलेला दगड सुमारें अडीच सेकंदांत खालीं पोंचतो, आणि त्या वेळीं त्याचा वेग ताशीं ८५ किलोमीटरांहून अधिक झालेला असतो. वरच्या माणसाची ‘दगड!’ ही आरोळी मात्र तेवढेंच अंतर एका सेकंदाच्या दशांशाहूनही कमी अवधींत कापते. आरोळी देण्यास लागणारा क्षण वजा केला, तरी खालच्या माणसाच्या हातीं दीडदोन सेकंद उरतात. तेवढ्यांत वर न पाहतां कड्याला चिकटून डोकें शिरस्त्राणाखालीं घेणें शक्य असतें. कानांत संगीत असलें तर हे दोन सेकंद वाया जातात आणि त्यांची भरपाई दुसरें कोणतेंही इंद्रिय करूं शकत नाहीं. कारण डोळ्याला वरचें दिसत नसतें.

दोराच्या दोन टोकांना असलेल्या दोघांचा संवादही असाच मोजक्या शब्दांचा असतो. चढणारा वर असतो, दोर सांभाळणारा खालीं. ‘स्लॅक’ म्हटलें कीं दोर ढिला द्यावयाचा, ‘टाइट’ म्हटलें कीं आवळावयाचा. सह्याद्रींतील मराठी मुलेंही हेच शब्द वापरतात. मध्यें एखादी कड आली म्हणजे दोघे एकमेकांस दिसेनासे होतात आणि वाऱ्यावर विरत जाणारा शब्द हाच त्यांच्यांतील दुवा उरतो. आधींच अशा वेळीं व्यंजनें प्रथम नाहींशीं होतात आणि केवळ स्वरांचा घोष ऐकूं येतो. त्यांत मोठ्या संगीतांतील खर्जाचे नाद आपल्याहून उंच नादांना झांकून टाकतात, हा ध्वनिशास्त्राचा नियम आहे. वरच्या माणसानें आपल्याला खालीं उतरवून घेतील या भरंवशावर दोरावर भार टाकावा, आणि खालच्यानें तो सुरक्षित झाला असें समजून दोर सोडून द्यावा, अशा गैरसमजानें जगांत अनेक अपघात घडले आहेत. म्हणूनच प्रत्येक हांकेबरोबर सोबत्याचें नांव घेण्याची आणि उत्तर आल्यावांचून पुढें न जाण्याची शिस्त पडली. कानांत इअरफोन घालून दोर सांभाळणारा माणूस दुसऱ्याच्या प्राणाशीं खेळत असतो, एवढें त्याला समजलें पाहिजे.

कड्यावरील इतर रहिवाशांचाही विचार हवा. आग्या मधमाशा उंच कड्यांच्या पोटाशीं आपलीं मोठीं पोळीं लावतात. पोळें दिसण्यापूर्वीं त्यांची गुणगुण ऐकूं येते, आणि ती ऐकून मागें फिरणें हाच शहाणपणा असतो. लांब चोचीचीं गिधाडें कड्यांच्या कपारींत घरटीं करतात. त्यांची संख्या अगोदरच फार घटलेली आहे. तेथें मोठ्या आवाजाचा ध्वनिवर्धक लावणें हा त्यांच्यावर, आणि शांततेसाठीं आलेल्या इतर माणसांवरही, अन्याय आहे.

मग एकाच कानांत इअरफोन ठेवला तर? ही तडजोड पुष्कळांस सुचते. परंतु आवाज कोणत्या बाजूनें आला हें दोन्ही कान मिळून ठरवितात. बाजूनें येणारा आवाज जवळच्या कानावर आधीं पडतो. हा फरक फार तर एका सेकंदाच्या दहाहजार भागांपैकीं सहासात भाग इतकाच असतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. एक कान बंद केला म्हणजे आवाज कळला तरी दिशा चुकते. बाहेरचा आवाज आंत सोडणारीं नवीं साधनें निघालीं आहेत. पण त्यांच्या ध्वनिग्राहकावर वारा आदळला कीं त्याचाच घोंघाट कानांत भरतो, आणि कड्यावर वाऱ्याची वाण नसते.

तेव्हां संगीताची जागा कोठें, हें ठरविणें कठीण नाहीं. घरीं फळीला लोंबकळून बोटांचा सराव करतांना, भिंतीवर चढण्यापूर्वीं अंग मोकळें करतांना, मुक्कामाच्या गुहेंत संध्याकाळीं शेकोटीभोंवतीं बसल्यावर संगीत अवश्य असावें; तेथें तें कंटाळा घालवितें आणि मन स्वस्थ करतें. परंतु दोर कमरेला बांधल्यापासून तो सोडीपर्यंतचा काळ कानाच्या कामाचा आहे. गिर्यारोहणास निघालेल्या मुलाला किंवा मुलीला घरच्या मंडळींनीं ‘जाऊं नको’ म्हणण्यापेक्षां ‘कान मोकळे ठेव’ एवढें सांगितलें, तर तें अधिक उपयोगी पडेल. चांगला साथीदार आपलें वाद्य हातीं घेण्यापूर्वीं मुख्य गायकाचा सूर ऐकून घेतो. कड्यावर मुख्य सूर खडकाचा आणि सोबत्याचा असतो. आरोहकानें त्यांची साथ करावयाची असते.